उपदेश कमी, विचारपूस जास्त

‘तंबाखू सोडा, वजन कमी करा, रोज चाला.’ दवाखान्यात गेलेल्या जवळपास प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याला ते हजारदा सांगून कंटाळा आलेला असतो आणि ऐकणाऱ्याला ते पाठ झालेलं असतं. केसपेपरवर गोळ्या लिहिल्या जातात, रुग्ण ‘बरं’ म्हणतो आणि बाहेर पडल्यावर पहिला चहा साखरेचाच घेतो. अशा वेळी ‘लोक ऐकतच नाहीत’ असा निष्कर्ष काढणं सोपं असतं. पण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतलं संशोधन वेगळं सांगतं. डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताईचं दोन-पाच मिनिटांचं बोलणं माणसाची सवय बदलू शकतं. मात्र ते कसं बोललं जातं, यावर बरंच अवलंबून असतं.

हा विषय कोल्हापूरकरांच्या अगदी जवळचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठांपेठांत तालमी घुमू लागल्या. त्या काळातला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, मटण. हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्या शरीरासाठी तो होता. पुढे बैठका थांबल्या, खुराक मात्र राहिला. आज दिवसभर काउंटरवर बसणारा माणूसही धारोष्ण दुधाचा पेला, सकाळची मिसळ आणि रविवारचा तांबडा-पांढरा तितक्याच हक्कानं घेतो. त्याच्या जोडीला दिवसाचे पाच-सहा चहा आणि खिशातली तंबाखूची पुडी असते. यातलं काहीही ‘बंद करा’ म्हटलं की तो हुकूम नुसत्या खाण्यावर राहत नाही, माणसाच्या ओळखीवर बोट ठेवल्यासारखा होतो.

प्रश्न किती मोठा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. तंबाखूचं चित्रही गंभीर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यातले बहुतेक जण ती ओढत नव्हते. मळून खात होते, गुटख्यातून घेत होते किंवा मिश्री लावत होते.

याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा फारसा चर्चेत येत नाही. आदल्या वर्षभरात दवाखान्यात गेलेल्या सिगारेट-विडी ओढणाऱ्यांपैकी देशभरात जेमतेम निम्म्यांना कुणीतरी ‘सोडा’ असं सांगितलं होतं. तंबाखू खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३१.७ टक्के होतं. म्हणजे दवाखान्याची पायरी चढलेल्या तीन तंबाखूखाऊंपैकी दोघांशी त्या विषयावर कुणी एक शब्दही बोललं नाही. धूर दिसतो, वास येतो. गालातली तंबाखू दिसत नाही. आणि मिश्री लावणाऱ्या बाईंना तर ‘तुम्ही तंबाखू वापरता का’ असं विचारलं तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. तेव्हा ‘मिश्री लावता का, मावशी?’ असंच विचारावं लागतं.

वेळ नसणं हे यामागचं खरं कारण आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीचा आढावा घेण्यात आला. जगातल्या सुमारे निम्म्या लोकसंख्येच्या देशांमध्ये डॉक्टर एका रुग्णाला पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ देतात, असं त्यात दिसलं. सरकारी रुग्णालयातली सोमवारची ओपीडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच ‘थोड्या वेळात काय साधतं?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दोन मिनिटांचा हिशेब

या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर १९७९ मध्ये लंडनमधून आलं. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ फॅमिली डॉक्टरांच्या मदतीने धूम्रपान करणाऱ्या २ हजारांहून अधिक रुग्णांचे चार गट केले. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला फक्त प्रश्नावली भरायला दिली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत स्पष्ट सल्ला दिला. चौथ्याला सल्ल्याबरोबर एक पत्रक दिलं आणि ‘पुन्हा विचारणा होईल’ असं सांगितलं. पहिल्या महिन्यात सिगारेट सोडून वर्षभर दूर राहिलेल्यांचं प्रमाण चार गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के निघालं.

पाच टक्के हा आकडा किरकोळ वाटेल. शंभरातले पंचाण्णव तर ओढतच राहिले ना? पण हिशेब असा करून पाहा. एखाद्या डॉक्टरांकडे वर्षात तंबाखू वापरणारे हजार जण येत असतील आणि प्रत्येकामागे दोन मिनिटं गेली, तर त्यातून पाच टक्के म्हणजे पन्नास घरांतली तंबाखू सुटते. दोन मिनिटांत इतका फायदा देणारे उपाय वैद्यकशास्त्रात फार नाहीत. शिवाय ‘पुन्हा विचारणा होईल’ एवढ्या वाक्याने आणि एका पत्रकाने प्रमाण ३.३ वरून ५.१ वर गेलं. आपली कुणी वाट पाहतंय, ही भावना तिथे कामाला आली असावी.

वजनाबद्दल बोलायला तर डॉक्टरच कचरतात. रुग्णाला वाईट वाटेल अशी भीती असते. इंग्लंडमध्ये पॉल एव्हयार्ड यांच्या गटाने १८८२ स्थूल रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी आले होते. तपासणीच्या शेवटी डॉक्टर अवघी तीस सेकंद बोलत. एका गटाला ‘वजन कमी केलंत तर तब्येतीला बरं’ एवढंच सांगितलं जाई. दुसऱ्या गटाला वजन कमी करण्याच्या मोफत वर्गात नाव घालू का, असं विचारून तिथल्या तिथे नोंदणी होई आणि चार आठवड्यांनी परत बोलावलं जाई. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी १.०४ किलोने आणि दुसऱ्याचं २.४३ किलोने उतरलं. वाईट वाटण्याची भीतीही फोल ठरली. पाचातल्या चौघांना हे बोलणं योग्य आणि उपयोगी वाटलं. अयोग्य आणि निरुपयोगी म्हणणारे सगळे मिळून चार जण होते.

दटावलं की माणूस वकिली करतो

नुसतं बोलणं उपयोगी, तर मग रागावून बोलणंही चालेल का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या समस्येवर काम करताना नेमकं हेच तपासलं. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकं त्या व्यक्तीचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं, असं त्यांच्या १९९३ च्या अभ्यासात दिसलं. त्याआधी १९८३ मध्ये मिलर यांनी संवादाची एक वेगळी पद्धत मांडली होती. पुढे ब्रिटनमधल्या स्टीफन रोलनिक यांच्यासोबत १९९१ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. आपल्या भाषेत तिला ‘प्रेरक संवाद’ म्हणता येईल.

तिचं सूत्र साधं आहे. सवय सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दोन आवाज असतात, ‘सोडायला पाहिजे’ आणि ‘पण जमायचं नाही’. डॉक्टरांनी पहिल्याची बाजू उचलली की रुग्णाकडे दुसऱ्याचीच वकिली उरते. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे बोलतो, त्यावर त्याचाच विश्वास बसत जातो. उदाहरणादाखल, कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या, पन्नाशीच्या एका मामांशी झालेला असा संवाद कल्पून पाहा.

‘किती वेळा सांगितलं मामा, तंबाखू बंद करा म्हणून?’

‘कमी केलीया की मॅडम.’

‘कमी नाही, बंद! तोंडाचा कॅन्सर झाला म्हणजे कळेल.’

‘आमचं आबा नव्वद वर्सं खाऊन जगलं. त्यास्नी काय बी झालं न्हाई.’

‘आबांचं सोडा, तुमचं बोला.’

‘बरं.’

मॅडमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण मामा तिथून निघाले ते आबांचं उदाहरण मनात पक्कं करून. पुढच्या वेळी ते पुडी लपवतील, किंवा बीपी तपासायलाच येणार नाहीत. आता तेच बोलणं दुसऱ्या पद्धतीने.

‘मामा, बीपी आज जास्त आहे. तंबाखूबद्दल दोन मिनिटं बोललं तर चालेल का?’

‘बोला की.’

‘तंबाखूनं तुम्हाला बरं काय वाटतं?’

‘सकाळी पोट साफ हुतंय बघा. आणि रातपाळीला डोळा लागत न्हाई.’

‘म्हणजे तिच्याशिवाय सकाळ आणि रातपाळी दोन्ही अवघड. आणि खटकतं काय?’

‘पैसा जातोयच. आणि परवा नातवानं माझी पुडी उघडली. तीन वर्साचं पोर हाय.’

‘ते बघून जिवाला लागलं तुमच्या.’

‘लागणारच की. तवापासनं डोक्यात हाय, सोडाय पायजे म्हणून.’

‘सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा.’

‘सहा म्हणा.’

‘सहा? दोनच का नाही म्हणालात?’

‘नातवापायी. आणि दात बी हालाय लागल्यात.’

‘मग सुरुवात कुठून जमेल?’

‘घरात खायाची न्हाई. आधी तेवढं करतो.’

‘चांगलं आहे. सकाळच्या पोटासाठी आणि तलफेसाठी काय करायचं ते मी सांगते. पंधरा दिवसांनी बीपी बघायला या, तेव्हा कसं जमलं ते सांगा. मग पूर्ण बंद करायचा दिवस ठरवू.’

हे बोलणं दोन मिनिटांत आटोपतं. ‘सोडाय पायजे’ हे वाक्य या वेळी मामांच्या तोंडून आलं. ‘दोनच का नाही?’ या प्रश्नाची गंमतही लक्षात घ्या. ‘दहा का नाही?’ असं विचारलं असतं तर मामांनी अडचणींची यादी दिली असती. आकडा खालचा का नाही, असं विचारलं की उत्तरात सोडण्याची कारणंच येतात. ‘घरात खाणार नाही’ ही अर्थातच पहिली पायरी आहे, शेवट नव्हे. पण ती मामांनी स्वतः निवडलेली पायरी आहे.

गुळाचा चहा आणि माहितीची देवाणघेवाण

याचा अर्थ डॉक्टरांनी माहिती द्यायचीच नाही, असा नव्हे. आधी विचारा, मग थोडं सांगा, मग पुन्हा विचारा, असा क्रम ठेवला की माहिती पचते. कोल्हापुरात मधुमेहाचे कित्येक रुग्ण अभिमानाने सांगतात, ‘साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेतो.’ इथल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण रक्तातली साखर गुळानेही वाढते. अशा वेळी ‘काय अडाणीपणा हा!’ म्हणण्यापेक्षा, ‘साखर सोडलीत, म्हणजे तुमची तयारी आहे. गुळाबद्दल काय ऐकलंय तुम्ही?’ असं विचारावं. मग सांगावं, ‘गुळातही बहुतांश साखरच असते. मधुमेहात दोन्हीचा परिणाम जवळपास सारखा होतो.’ आणि लगेच, ‘यावर तुम्हाला काय वाटतं?’

मग हिशेब रुग्णालाच मांडू द्यावा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे अंदाजे आठ-दहा ग्रॅम. दिवसाला पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या निरोगी माणसासाठीसुद्धा वरून घातलेल्या साखरेची जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा सुमारे पन्नास ग्रॅम आहे आणि पंचवीसच्या आत राहिलेलं उत्तम. म्हणजे सगळा कोटा चहातच संपला. ‘मग दोनच कप ठेवतो, ते बी बिनसाखरेचं’ हे वाक्य जेव्हा रुग्णाकडून येतं, तेव्हा ते टिकण्याची शक्यता वाढते.

ऐकणं यात सर्वांत अवघड. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं पहिलं म्हणणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं. रुग्णाला आणखी थोडा वेळ बोलू दिलं तर खरं कारण पुढे येतं. ‘चालायला जमत नाही’ यामागे आळस असेलच असं नाही. गुडघेदुखी असेल, बारा तासांची पाळी असेल, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असतील. रंकाळ्याची फेरी सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. अशा बाईंना ‘रोज पाऊण तास चाला’ सांगणं म्हणजे हात झटकणं. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं जमतील का, हे त्यांच्याशी बोलून ठरवता येतं.

गोव्याने दाखवलेली वाट

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कसं चालणार, या शंकेला शेजारच्या गोव्याने उत्तर दिलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. प्रेरक संवादाच्या धर्तीवर जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनंतर, आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होतं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं. तरीही वर्षभरानंतर समुपदेशनाचा फायदा टिकून असल्याचं दिसलं.

आपल्यासाठी यातला धडा मोठा आहे. असा संवाद साधायला डॉक्टरच हवा असं नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, आशाताई हे काम करू शकतात. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमातून होतेच. यंत्रावरचा आकडा सांगताना पुढची दोन मिनिटं कशी वापरायची, याचं प्रशिक्षण आणि सराव त्यांना मिळाला पाहिजे.

मर्यादाही ओळखू या

संवाद म्हणजे जादू नाही. दारूबाबतच्या ६९ चाचण्यांचा २०१८ चा आढावा सांगतो, की छोट्या सल्ल्यामुळे आठवड्याला सरासरी वीस ग्रॅम अल्कोहोल कमी होतं. फरक खरा, पण माफक. ज्याचे हात सकाळी दारूविना थरथरतात, त्याला नुसतं बोलणं पुरत नाही. अशा माणसाने अचानक दारू तोडणं धोक्याचं असतं, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार लागतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी उपवास किंवा खाण्यातला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि पाळीच्या वेळा, पायी चालायला जागा नसलेले रस्ते, शाळेसमोर मिळणाऱ्या पुड्या हे प्रश्न दवाखान्यात सुटणारे नाहीत. सगळं ओझं एकट्या रुग्णाच्या इच्छाशक्तीवर टाकणं अन्यायाचं आहे.

घरात आणि दवाखान्यात

हेच तत्त्व घरालाही लागू पडतं. ‘बाबा, किती वेळा सांगायचं?’ याऐवजी ‘बाबा, सोडायचं असं कधी मनात येतं का तुमच्या?’ असं विचारून गप्प बसून पाहा. उत्तर यायला वेळ लागेल, मध्येच बोलू नका. एक-दोनदा घसरण झाली तर टोमणा मारू नका. सवय सुटताना बहुतेकांच्या बाबतीत ती होते. ‘मागच्या वेळी आठ दिवस कसे काढलेत?’ असं विचारलं तर पुढचा मार्ग त्यातूनच सापडतो. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, अस्वस्थता साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ बडीशेप, पाणी किंवा अंगणातल्या चार फेऱ्यांवर निभावून नेता येतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

रुग्णांनीही एक काम करावं. पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरूनच एक वाक्य ठरवून जावं: ‘डॉक्टर, मला अमुक एक गोष्ट बदलायची आहे, कुठून सुरुवात करू?’ एकच गोष्ट, दहा नव्हेत. आणि निघताना पुढच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. त्या दिवशी कुणीतरी ‘कसं जमलं?’ असं विचारणार आहे, हे माहीत असलं की मधले पंधरा दिवस वेगळे जातात.